न थांबणारा तबलजी

रविवारी सकाळी साडेदहाला ठाण्यात घंटाळीजवळच्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावरच्या खोलीत, खिडक्या लावून आम्ही पाच-सहा जण बसलेले असतो. भिंतींना काळा फोम, कोपऱ्यांत दोन स्पीकर, टेबलावर छोटा मिक्सर आणि त्याला जोडलेला लॅपटॉप. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू पर्समधून वही काढतात. वहीत गाणी आहेत, शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीच्या खुणा आहेत, काही ठिकाणी नुसतंच 'श्वास' असं लिहिलेलं आहे. लॅपटॉपवरचा मुलगा विचारतो, "काकू, मूळ पट्टीत ठेवू?"

"नको रे बाबा. लताबाईंच्या पट्टीत वर जाताना मला घाम फुटतो. दोन उतरव."

तो दोनदा बटण दाबतो. व्हायोलिनं सुरू होतात, काकू डोळे मिटतात, श्वास घेतात आणि अर्ध्या मात्रेनं उशिरा उठतात. ट्रॅक तोवर पुढे गेलेला असतो. त्या थांबतात, ट्रॅक थांबत नाही. मुलगा हात वर करतो, "पुन्हा?" काकू म्हणतात, "पुन्हा."

नौपाड्यात हे चित्र आता नवं नाही. कुणाच्या हॉलमध्ये, कुणाच्या गच्चीवरच्या खोलीत कराओकेचे गट भरतात. मग महिन्या-दोन महिन्यांनी गाण्यामागे ठरलेली वर्गणी काढून सहयोग मंदिरासारखा एखादा हॉल घेतला जातो. साड्या-जॅकेटांचे रंग ठरतात, आणि प्रेक्षकांत निम्मे लोक आपली पाळी येईपर्यंत बसलेले गायकच असतात. डोंबिवलीत आणि कल्याणातही हेच. पूर्वी गणपतीत दोन गाणी म्हणायची तरी पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला आणि जमल्यास ऑर्गनवाला अशी माणसं जमवावी लागायची. त्यांच्या वेळा, त्यांचं मानधन, त्यांचा चहा सांभाळावा लागायचा. हौशी गायकाच्या वाट्याला ते क्वचितच यायचं. आता साथीदार पेन ड्राइव्हवर येतात. तो पेन ड्राइव्ह नक्की काय करतो, आणि काकूंच्या 'दोन उतरव'मध्ये काय-काय घडतं, ते जरा सावकाश पाहू.

कराओकेचा जन्मच मुळी साथीदाराच्या अडचणीतून झाला. जपानात कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा वादक रात्रीच्या क्लबांत गिऱ्हाइकांना साथ करायचा. एका कंपनीच्या मालकाला त्याचीच साथ लागे; इनोउएला त्याच्या गळ्याच्या खोडी ठाऊक होत्या. मालक एकदा सहलीला निघाला आणि त्यानं इनोउएला बरोबर बोलावलं. इनोउएला जाणं जमेना, म्हणून त्यानं नुसत्या साथीची टेप भरून दिली. त्यातून १९७१ मध्ये त्यानं माइक, अॅम्प्लिफायर आणि टेप एकत्र असलेली, नाणं टाकलं की चालणारी यंत्रं तयार केली आणि भाड्यानं दिली. अशी पहिली यंत्रं अकरा होती. पेटंट त्यानं घेतलं नाही. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्राचं जपानी लघुरूप. रिकामा वाद्यवृंद. आपल्याकडे मात्र वाद्यवृंद भरलेला असतो आणि खुर्ची गायकाची रिकामी असते, पण शब्दाशी कोण भांडणार? २००४ साली इनोउएला इग नोबेलचं शांतता पारितोषिक मिळालं, माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवण्याचा नवा मार्ग दिल्याबद्दल. आमच्या गटात चार रविवार बसलेल्या कुणालाही या निवडीत विनोद दिसणार नाही.

आता ट्रॅक. गाण्यातून गायक काढून टाकायचा, एवढंच काम. त्याचे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता कष्टाचा आणि अजूनही सर्वांत चांगला: गाणं पुन्हा वाजवायचं. कीबोर्डवाला मूळ गाणं शंभरदा ऐकतो, कुठल्या पीसमध्ये, म्हणजे ओळींमधल्या वाद्यांच्या तुकड्यात, बासरी आहे, कुठे मेंडोलिन आहे ते टिपतो आणि एकेक वाद्य भरत जातो. पैसे जास्त असतील तर बासरी आणि तबला खऱ्या वादकांकडून वाजवून घेतात. नसतील तर सगळं कीबोर्डमधूनच, आणि मग सनई ऐकून कुणीतरी हमखास विचारतं की हा हॉर्न कुणाचा वाजतोय.

दुसरा रस्ता वजाबाकीचा. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात डाव्या आणि उजव्या स्पीकरचे दोन वेगळे पट्टे असतात. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा, प्रत्येक बाजूसाठी एकेक आकडा नोंदलेला असतो. गायकाचा आवाज बहुधा बरोबर मध्ये ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच. समजा एका क्षणी आवाजाचा आकडा ५ आहे. डावीकडे सतार ३, उजवीकडे व्हायोलिन २. डावीकडची बेरीज ८, उजवीकडची ७. आठातून सात वजा केले की उरतो १, म्हणजे सतारीचे ३ उणे व्हायोलिनचे २. गायकाचे पाच दोन्हीकडून कटले. सेकंदाला ४४,१०० वेळा हीच वजाबाकी करत गेलं की गायक नाहीसा होतो. स्वस्त प्लेअरवर पूर्वी 'व्होकल कट' नावाचं बटण असायचं, ते बहुधा एवढंच करायचं.

पण तबलाही मध्येच असतो. ढोलकीही, खर्जही. वजाबाकी त्यांनाही खाऊन टाकते. उलट गायकाच्या आवाजावर दिलेला घुमारा डावी-उजवीकडे वेगवेगळा पसरलेला असतो, तो कटत नाही. म्हणून अशा ट्रॅकमध्ये ठेका गायब असतो आणि पाठीमागून, विहिरीच्या तळाशी बसून कुणीतरी गातंय असं ऐकू येत राहतं.

आणि मराठी माणसाची अडचण याहून मोठी. आम्हाला हवी असतात पन्नास-साठच्या दशकातली भावगीतं, आणि ती बहुतेक मोनो. पी. सावळाराम आमच्या ठाण्याचे, या गावाचे नगराध्यक्षही होते. त्यांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा आवाज असं गाणं ठाण्यातल्या मैफलीत नाही, असं सहसा होत नाही. पण मोनोत डावी बाजू आणि उजवी बाजू एकच. आठातून आठ गेले, शून्य उरलं. गायिकेबरोबर अख्खा वाद्यवृंद गेला. म्हणून कितीतरी वर्षं या गाण्यांचे ट्रॅक हवे असतील तर पहिल्या रस्त्यालाच जावं लागायचं, आणि ज्या गाण्याला गिऱ्हाईक कमी त्याचा ट्रॅक कुणी बनवतच नसे.

तिसऱ्या रस्त्यानं इथेच फरक पडला. आवाजाचं चित्र काढता येतं: आडवी काळाची रेघ, उभी सुराच्या उंचीची, आणि जिथे आवाज मोठा तिथे ठिपका गडद. असं चित्र स्क्रीनवर एकदा तरी पाहावं. तबल्याची थाप म्हणजे उभा फटकारा. तानपुऱ्याच्या समांतर आडव्या रेघा, हलायचं नाव नाही. आणि माणसाचा आवाज म्हणजे शिडी. पेटीवरच्या काळी पाचचा सा सेकंदाला साधारण २३३ कंपनांचा. त्याच्या डोक्यावर ४६६, ६९९ अशा दुपटी-तिपटींच्या पायऱ्या. गायिकेनं मींड घेतली की अख्खी शिडी एकदम वाकते, आणि हरकत घेतली की सगळ्या पायऱ्या एकाच तालात थरथरतात.

यंत्राला अशी हजारो चित्रं दाखवतात, आणि प्रत्येकाबरोबर त्यातल्या नुसत्या आवाजाचं व नुसत्या वाद्यांचं चित्रही. सांगून काहीच शिकवायचं नाही. त्यानं अंदाज करायचा, चुकलं की आतले आकडे थोडे हलवायचे, पुन्हा अंदाज. शेवटी ते एक चाळणी तयार करायला शिकतं: चित्रातल्या या घरातला सत्तर टक्के आवाज गळ्याचा, तीस टक्के वाद्यांचा, पुढच्या घरात वीस-ऐंशी. या चाळणीला डावं-उजवं लागत नाही, मोनोही चालतं. डीझर या फ्रेंच कंपनीनं २०१९ च्या नोव्हेंबरात 'स्प्लीटर' नावाची अशी प्रणाली सगळ्यांसाठी खुली केली, आणि त्यानंतर हे काम साध्या लॅपटॉपवर आलं. बीटल्सचं 'नाऊ अँड देन' हे गाणं २०२३ मध्ये निघालं तेही अशाच कारागिरीवर. जॉन लेननचा आवाज सत्तरच्या दशकाअखेरच्या एका घरगुती कॅसेटवर पियानोत मिसळलेला होता. १९९५ च्या सुमारास उरलेल्या तिघांनी प्रयत्न करून ते सोडून दिलं होतं. लेननचा गळा आणि काकूंचा ट्रॅक, दोन्ही एकाच जातीच्या चाळणीतून निघालेले.

चाळणी अर्थात फसते, आणि आपल्या संगीतात जरा जास्तच फसते. सारंगी आणि व्हायोलिन गळ्याच्या मागोमाग जातात, तीच मींड घेतात. चित्रात त्यांचीही शिडी, तशीच वाकणारी. यंत्र त्यांना गायक समजून उचलतं आणि अंतऱ्यात सारंगी मध्येच बुडते. दुसरीकडे 'स' आणि 'श' हे शिडीसारखे दिसतच नाहीत. ते वरच्या पट्ट्यात पसरलेले धुरकट डाग असतात, झांजेसारखे. ते वाद्यांच्या वाट्याला जातात. म्हणून काही ट्रॅकमध्ये लताबाई गेलेल्या असतात, पण त्यांचे स-श राहिलेले असतात. काकू गात असताना त्यांच्या प्रत्येक 'स'ला मागून कुणीतरी हलकेच 'स्स' करतं. सवय झाली की बरं वाटतं. सोबत असते.

आता ते 'दोन उतरव'. पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांत, काळी-पांढरी दोन्ही धरून, कंपनांचा फरक साधारण सहा टक्क्यांचा. काळी पाचवरून दोन उतरलं की मधली पांढरी सहा ओलांडून काळी चार, म्हणजे २३३ चे २०८. पेटीवाल्याला यासाठी हात दोन घरं सरकवावा लागतो. टेपवर हे करायचं तर टेप हळू फिरवावी लागे, आणि मग तीन मिनिटं वीस सेकंदांचं गाणं जवळजवळ पंचवीस सेकंदांनी लांबायचं. सूर उतरतो तसा जीवही उतरतो. संगणक दोन्ही गोष्टी वेगळ्या करतो. तो आवाजाचे बारीक तुकडे करतो, सेकंदाच्या काही शतांशांएवढे. सूर उतरवल्यानं गाणं लांबणार असेल तर मधले काही तुकडे गाळतो, उरलेल्यांच्या कडा एकमेकांवर चढवून सांधे झाकतो. लय तीच राहते.

बासरीच्या लांब सुरात सांधा कळत नाही. तबल्यात कळतो. थापेचा जीव सुरुवातीच्या एका क्षणात असतो, आणि तो क्षण नेमका सांध्यावर आला की 'ना' चेपला जातो. दोन पट्ट्यांपर्यंत कान माफ करतो. चार-पाच उतरवलं की डग्गा पिंपावर वाजवल्यासारखा येतो आणि कोरसमधल्या बायका एकदम गंभीर होतात, कारण सुराबरोबर त्यांच्या तोंडाचा आकारही मोठा झाल्यासारखा ऐकू येतो. पुरुषांनी हौसेनं बायकांची गाणी घेतली की हे होतंच. युगुलगीतांत तर रीतसर भांडण: तिला काळी चार हवी, त्याला मूळचीच सोसते, आणि बटण एकच.

जुन्या तबकड्यांची आणखी एक खोडी. त्या काळी तबकडी किंवा टेप उतरवून घेताना गती जराशी पुढे-मागे झाली की गाणं दोन पट्ट्यांच्या फटीत जाऊन बसतं. नुसत्या ट्रॅकवर गाताना याचा पत्ता लागत नाही. पण कुणी म्हणालं, "ट्रॅकबरोबर मी पेटी धरतो", की पहिल्याच सुराला दोन शेजारी एकमेकांकडे रागानं बघतात. तेव्हा ट्रॅक पाव-अर्धा घर हलवून पेटीला मिळवून घ्यावा लागतो. पेटी कुणाचं ऐकत नाही.

स्क्रीनवरच्या शब्दांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रंग बदलत सरकणारी ओळ तुमचं गाणं ऐकत नसते. कुणीतरी गाणं लावून, प्रत्येक अक्षराला कळ दाबून वेळा नोंदवून ठेवलेल्या असतात, आणि ओळ त्या वेळापत्रकानं धावते. खंत एवढीच की पुष्कळ ट्रॅकवर मराठी शब्द रोमन लिपीत असतात. तिथे काल आणि काळ सारखे दिसतात, मन आणि मण सारखे. पाठ नसलेला गायक भर मैफलीत 'बाळ' म्हणायचं तिथे 'बाल' म्हणून मोकळा होतो. काकूंची वही म्हणूनच सुटत नाही.

घरी रियाज करणारे दुसऱ्याच एका खड्ड्यात पडतात: ब्लूटूथ. आवाज बिनतारी पाठवायचा तर आधी तो पुड्यांत बांधायचा, पाठवायचा, पलीकडे सोडायचा. यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे २०० मिलिसेकंदांत ६८ मीटर. ब्लूटूथ स्पीकर शेजारच्या टीपॉयवर दिसतो, पण कानाच्या हिशेबानं तो गोखले रोडच्या पलीकडे कुठेतरी ठेवलेला असतो. नुसता ट्रॅक तसा उशिरा आला तर बिघडत नाही. तुम्ही जे ऐकता त्याबरोबर गाता, फार तर स्क्रीनवरचे शब्द आधी पळतात. पण तुमचा माइकही ब्लूटूथनं जोडलेला असेल तर स्वतःचाच आवाज पाव सेकंदानं परत येतो, आणि चांगला बोलणारा माणूसही अडखळायला लागतो. मला आठवडाभर वाटत होतं की माझा ताल गेला. तार लावली, ताल परत आला.

हॉलमधल्या त्या किंचाळणाऱ्या शिट्टीचं कारण मात्र वेगळं. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून निघतो, पुन्हा माइकमध्ये. एका सुराला हा फेरा सोयीचा पडला की तोच चढत जातो. उपाय सोपा आहे: स्पीकर गायकाच्या पुढे ठेवावेत, आणि माइकची जाळी मुठीत धरू नये. माइक पुढचं ऐकायला आणि मागचं टाळायला बनवलेला असतो. जाळी झाकली की त्याचं हे भान जातं. हे कितीही सांगा, नायकासारखी पोझ घ्यायची तर जाळीच धरावी लागते.

आणि इको. हौशी गायकाचा सर्वांत लाडका नॉब. तुमचाच आवाज यंत्राच्या स्मरणात क्षणभर ठेवून थोडा बारीक करून पुन्हा सोडायचा, मग आणखी बारीक. सूर जरा हलला असेल तर मागून येणारी आवर्तनं त्याच्या कडा पुसतात. साउंडवाल्याला हळूच "थोडा इको द्या" म्हणणारा माणूस काय मागतोय ते साउंडवाल्याला पक्कं कळतं. पण द्रुत गाण्यात तोच इको शब्दांचं पिठलं करतो.

कायद्याचं एक वाक्य सांगून टाकतो, कारण गटांत याबद्दल भलते समज आहेत. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणून १९५५ ची तबकडी आज मोकळी आहे. पण शब्दांवरचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षं असतो. सावळाराम १९९७ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०५७ संपेपर्यंत मोकळे नाहीत. तिकीट लावून कार्यक्रम करायचा तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना लागतो, ट्रॅक कुठूनही आणलेला असो.

राहता राहिली काकूंची अर्धी मात्रा. तबलजी समोर असता तर अडचण आलीच नसती. जुने तबलजी गायकाच्या खांद्याकडे बघत. श्वास लांबतोय असं दिसलं की एक आवर्तन जास्त वाजवत, आणि उठाव घ्यायची वेळ आली की मान हलवत. इनोउएच्या त्या मालकाला हेच हवं असणार. ट्रॅकला खांदे दिसत नाहीत. तो ज्या दिवशी तयार झाला त्या दिवशीच्या लयीत, काकू असोत-नसोत, शेवटपर्यंत जातो. अंतऱ्याआधीच्या पीसनंतर लताबाई जिथे उठतात तिथेच उठायचं, आणि सत्तरीच्या फुप्फुसाला ते पुरत नाही.

चौथ्या वेळी चुकल्यावर मुलगा म्हणाला, "काकू, पाच मिनिटं चहा घ्या." त्यानं ट्रॅक स्क्रीनवर पसरला. पीसच्या शेवटचं एक आवर्तन समेपासून समेपर्यंत निवडलं, त्याची नक्कल केली आणि मूळच्या शेजारी चिकटवली. सांध्यावर टक्‌ असा आवाज आला. कडा दहा मिलिसेकंद एकमेकींवर सरकवल्यावर तो गेला. मग त्यानं लावून दाखवलं. व्हायोलिनं संपली, तबला एक आवर्तन उगाच फिरून आला, जसा एखादा समजूतदार माणूस दारात घुटमळतो तसा, आणि काकू बरोबर समेवर उठल्या. कुणीतरी "वा" म्हणालं. काकूंनी वहीत पेन्सिलीनं लिहिलं, 'एक जास्त'.

ती फाइल पेन ड्राइव्हवर मूळ फाइलच्या शेजारी राहिली. नावात फरक एका आकड्याचा. कार्यक्रमाच्या संध्याकाळी पहिल्या भागात दुसऱ्या एका बाईंनी तेच गाणं मागितलं, आणि घाईत तीच फाइल लागली. त्यांना मूळ गाणं तोंडपाठ. त्या लताबाईंच्या जागी अचूक उठल्या, आणि अख्खं एक आवर्तन तबल्याच्या पुढे एकट्याच चालत राहिल्या. दुसऱ्या रांगेत काकूंनी पदर तोंडाला लावला होता. लॅपटॉपवरचा मुलगा खाली वाकून कुठलीतरी वायर शोधत होता.